जॅग्वार ई-टाइपचे गंजलेले मागचे ब्रेक उतरवताना

जॅग्वार ई-टाइप या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या मागच्या चाकातून आत डोकावले, तर ब्रेक कुठेच दिसत नाहीत. तारांच्या चाकाआड हब, त्यातून आत गेलेला, चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट आणि चाकाला खालून धरणारा विशबोन हा दांडा एवढेच दिसते. डिस्क (ब्रेकची फिरती तबकडी) आणि कॅलिपर (तिच्यावर पॅड दाबणारा चिमटा) बसवलेले असतात ते गाडीच्या पोटात, इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना चिकटून, पत्र्याच्या एका भक्कम पिंजऱ्याच्या आत. साध्या गाडीचे चाक काढले की डिस्कवरचा गंज, पॅडची उरलेली जाडी आणि झिरपलेले तेल एका नजरेत कळते. इथे त्यासाठी गाडी उंच उचलून, हातात विजेरी घेऊन, पाठीवर झोपून आत सरकावे लागते, आणि तरीही दिसतो तो कॅलिपरचा एखादा कोपराच. या गाडीचे मागचे ब्रेक इतके गंजलेले का सापडतात, याचे अर्धे उत्तर या जागेतच आहे.

ही रचना हौसेने केलेली नव्हती. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या वेगाइतकीच चर्चा तिच्या मागच्या स्वतंत्र सस्पेन्शनची झाली. त्या सस्पेन्शनचे जनक जॅग्वारचे अभियंते बॉब नाइट. चाकाबरोबर वरखाली उसळणारे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याला अधिक नेमकेपणाने चिकटून राहते. म्हणून डिस्क आणि कॅलिपर यांचे सगळे वजन चाकाकडून काढून आत, शरीराला टांगलेल्या डिफरन्शियलवर नेण्यात आले. डिस्क ब्रेकच्या बाबतीत जॅग्वारचा अनुभव तेव्हाच दांडगा होता. १९५३ ची फ्रान्समधली ल मां शर्यत जॅग्वारच्या सी-टाइप या शर्यतीच्या गाडीने जिंकली ती डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर, आणि ई-टाइपच्या पहिल्या पिढीतही डनलॉपचेच कॅलिपर होते. मागच्या सस्पेन्शनचा हा आराखडा पुढे जॅग्वारच्या एक्सजे मालिकेत आणि एक्सजेएसमध्येही चालत राहिला. गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय अचूक होता, असेच मी आजही म्हणेन. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र त्याची किंमत तेव्हाही मोजावी लागत होती आणि आता तर व्याजासकट मोजावी लागते.

ज्या गाडीबद्दल लिहितो आहे, ती १९६५ ची, ४.२ लिटर इंजिनाची, माझ्या मित्राच्या सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना डॉक्टर म्हणतो. ते निवृत्त होऊन वॉरिकशरमध्ये, म्हणजे ही गाडी जिथे घडली त्या कॉव्हेंट्रीपासून फार दूर नव्हे, राहतात. आधीच्या मालकाने ती बरीच वर्षे बारमाही वापरली होती. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खाणीतले खडे मीठ पसरतात. ते काढणारी चेशरमधली विन्सफर्डची खाण १८४४ मध्ये सुरू झाली. हे खारट पाणी चाकांखालून उडते, पिंजऱ्यात शिरते, आणि तिथे ना वारा लागतो ना धुणाऱ्याचा हात. पुढे गाडी दमट शेडमध्ये पडून राहिली. डॉक्टरांनी ती घेतली तेव्हा इंजिन चालू होते, रंग बरा होता, पण गिअर काढून दोघांनी ढकलली तरी ती जागची हलत नव्हती. हँडब्रेकचा दांडा खाली होता आणि ब्रेक मात्र लागलेलेच होते.

इथे कायद्याची एक बाब सांगायला हवी. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट आहे. सूट मिळाली म्हणून मालक खूश होतात. पण ई-टाइपसारख्या गाडीत ब्रेक डोळ्याआड असताना वर्षातून एकदा तरी रोलरवर ब्रेक तपासून देणारा माणूसही त्या सवलतीने गेला. मला विचाराल तर ही तपासणी हौसेने, पैसे भरून करून घ्यावी. ती आजही करून घेता येते.

पहिला प्रश्न डॉक्टरांनीच विचारला. "सगळा पिंजरा खाली न काढता, वरच्या वर नाही का होणार रे हे काम?" होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि नुसते पॅड बदलायचे असतील तर ते खरेही आहे. कॅलिपरसुद्धा गाडीखाली झोपून काढल्याचे दाखले आहेत. पण ते सगळे सुटणाऱ्या बोल्टांचे हिशेब झाले. जाम झालेला बोल्ट सोडवायचा म्हणजे लांब दांड्याला जागा हवी, हातोडीला झोका हवा आणि शेवटी आगीची तयारी हवी. ई-टाइपची पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाशी, या पिंजऱ्याच्या जवळच बसते. तिथे गॅसची ज्योत नेणे हा वेडेपणा आहे. म्हणून मी सांगितले, "डॉक्टर, आग लावायची वेळ येणार हे नक्की आहे. ती टेबलावर लावू, टाकीखाली नको." त्यांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या असल्यामुळे असेल, पण पुढे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

पिंजरा उतरवण्याचा क्रम तसा सरळ आहे. गाडीचे शरीर, रेडियस आर्म (चाकाला पुढेमागे हलू न देणारे दांडे) जिथे त्याला मिळतात त्याच्या पुढच्या बाजूला, लाकडी ठोकळे घालून भक्कम स्टँडवर टेकवायचे. जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली कधीही जायचे नाही. मग सायलेन्सरचे मागचे भाग, गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट, हँडब्रेकची केबल, ब्रेकचा एकमेव रबरी होज, वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या अँटी-रोल बारचे दुवे हे सगळे सोडवायचे. शेवटी पिंजऱ्याखाली ट्रॉली जॅक लावून त्याला शरीराशी जोडणारी चार इंग्रजी व्हीच्या आकाराची रबरी माउंटिंग मोकळी करायची, म्हणजे चाके वगळता मागचे सगळे यंत्र एकसंध खाली येते. पिंजऱ्याचा तोल पुढच्या बाजूला, डिफरन्शियलच्या नाकाकडे जातो. ते नाक दुसऱ्या जॅकवर घेतलेले बरे.

या क्रमात एक जागा मात्र अशी आहे की जिच्यापुढे बाकीचे सगळे सोपे वाटावे. रेडियस आर्मच्या पुढच्या टोकाला मोठा रबरी बुश असतो, आणि त्याच्या आतली पोलादी नळी गाडीच्या तळाला जोडलेल्या शंकूच्या आकाराच्या उंचवट्यावर घट्ट बसते. मधला बोल्ट निघतो. नळी निघत नाही. साठ वर्षांच्या गंजाने ती आणि तो उंचवटा एकजीव झालेले असतात. पहारीने आर्म खाली ओढण्याचा मोह इथे अनावर होतो, आणि त्या मोहात अनेकांनी गाडीचा तळाचा पत्राच फाडलेला आहे. उंचवटा हा शरीराचा भाग आहे, बुश बाजारात मिळतो. तेव्हा मरायचे कोणी, हे ठरलेलेच आहे. आम्ही बुशचे रबर पातळ करवतीने कापून आर्म मोकळा केला, उघड्या पडलेल्या नळीला छोट्या ग्राइंडरने उभी चीर दिली (शेवटचा पापुद्रा मुद्दाम राखून, कारण त्याच्यामागे लगेच उंचवटा आहे) आणि त्या चिरेत छिन्नी घालून, ऊस सोलावा तशी ती नळी सोलून काढली. आत उंचवट्याची मूळ धातू जवळपास निर्मळ होती.

पुढच्या सगळ्या कामाला हाच विचार लावला. गंजाने जुळलेल्या प्रत्येक जोडीत एक भाग बदलता येण्यासारखा असतो आणि दुसरा नसतो, किंवा असला तरी परवडणारा नसतो. पान्याला हात घालण्याआधी त्यातला कोणता वाचवायचा ते ठरवले, तर जोर कुठे लावायचा आणि करवत कुठे चालवायची हे आपोआप ठरते. बोल्ट वाचवण्याच्या भरात कॅलिपरचे आटे घालवणारे कारागीर मी पाहिले आहेत. जुना बोल्ट असाही परत लावायचा नसतो.

टेबलावर पिंजरा उलटा ठेवून तळाची पट्टी काढल्यावर जे दिसले ते मजेशीर होते. उजवीकडची डिस्क लाल-तपकिरी, कडेला गंजाचे जाड पापुद्रे सुटलेले, आणि कॅलिपर व डिस्क यांच्यामधली फट गंजाच्या भुकटीने भरलेली. डावीकडची डिस्क मात्र काळी, ओशट आणि जवळजवळ गंजमुक्त. कारण तिथले डिफरन्शियलचे तेलाचे सील गेले होते आणि गिअर ऑइल वर्षानुवर्षे डिस्कवर झिरपत होते. डिस्क वाचली, पॅड तेल पिऊन निकामी झाले. हा दोषही मूळ रचनेतूनच येतो. ब्रेक तापले की ती उष्णता थेट शेजारच्या सीलला भाजते, रबर कडक होते आणि तेल गळू लागते. तेव्हा ब्रेक काढले आहेत तर दोन्ही बाजूंची सील बदलूनच पिंजरा बंद करावा, यात काटकसर करू नये.

कामाला लागण्याआधी आम्ही सगळे पाण्याने भिजवले, आणि तेही कॉम्प्रेसरची हवा न मारता, ओल्या फडक्याने. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. कोरडी धूळ उडवणे म्हणजे ती स्वतःच्या फुप्फुसात भरणे. तोंडावर चांगला मास्क आणि काढलेली घाण बंद पिशवीत, हे डॉक्टरांना सांगावे लागले नाही. उलट त्यांनीच मला दटावले.

मागच्या प्रत्येक डिस्कवर दोन कॅलिपर असतात: एक मुख्य, पेडलचा, आणि त्याच्या डोक्यावर स्वार झालेला छोटा, हँडब्रेकचा. गाडी हलत नव्हती ती या छोट्यांमुळे. पॅड झिजतील तसे आपोआप जवळ आणणारी दातेरी यंत्रणा त्यांच्यात असते, आणि त्या दातांत गंज शिरला की ती पॅड पुढे तर नेते, पण मागे येऊ देत नाही. हे कॅलिपर दोन पिव्हट बोल्टांनी मुख्य कॅलिपरला जोडलेले असतात, बोल्टांखाली दुमडलेल्या कानांची लॉकपट्टी असते. कान सरळ करणे सोपे आहे. बोल्टांचे आटे मात्र मुख्य कॅलिपरच्या ओतीव अंगात आहेत, म्हणजे वाचवायचे ते.

अशा ठिकाणी पान्याची निवड फार महत्त्वाची असते. गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. नऊ-सोळांश इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर, मेट्रिक पाने वापरणारा माणूस तिथे १५ चा पाना लावतो, तो ढिला बसतो आणि डोक्याचे कोपरे गोल होऊन जातात. नेमक्या मापाचा, बारा नव्हे तर सहा कोनांचा बॉक्स पाना घ्यावा. डोके गंजाने झिजून लहान झाले असेल, तर मात्र १४ चा बॉक्स हातोडीने ठोकून बसवला की तो असा काही पकडतो की नवा पानाही लाजेल. पहिला जोर सोडवण्याच्या दिशेने नव्हे, किंचित घट्ट करण्याच्या दिशेने द्यावा. आट्यांतला गंज तडकल्याचा बारीक 'टक्' आवाज येतो, तो आला की मग उलट फिरवावे, पाव फेरा मागे, थोडे पुढे, असे. बोल्ट फिरतो आहे म्हणून एका दमात काढू गेले, की सुटलेली भुकटी आट्यांत अडकते आणि तो अर्ध्यावर पुन्हा जाम होतो. घाई करणाऱ्याच्या हातात बोल्टाचे डोके येते.

तेलाबद्दल पुष्कळ दंतकथा आहेत. निळ्या-पिवळ्या डब्यातला सर्वपरिचित फवारा ओल घालवायला चांगला, पण खोल गंजात शिरणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. आम्ही ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळून रोज सकाळ-संध्याकाळ थेंबथेंब घालत राहिलो. ॲसिटोन उडून जाते, तेल आत राहते. आणि त्याची वाफ चटकन पेटते, म्हणून ज्योत पेटवायच्या दिवशी ही बाटली शेडबाहेर. खरा गुण आला तो उष्णतेने. बोल्टाभोवतालचा धातू गॅसवर तापवायचा, लाल करायचा नाही, आणि ज्योत दूर करून साध्या मेणबत्तीचे टोक बोल्टाच्या मुळाशी टेकवायचे. मेण वितळून धूर होत होत आट्यांत ओढले जाते. बोल्ट निवत असतानाच पाना लावायचा. ही युक्ती मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ऑइल इंजिनांवर काम करणाऱ्यांकडून पाहिली होती. तिच्यात जादू काही नाही, केशाकर्षण, म्हणजे बारीक फटीत द्रव आपोआप ओढला जाणे, एवढेच आहे. एकच धोका आवर्जून सांगतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागाला ज्योत लावू नये, कारण त्या द्रवाच्या वाफा तापल्या की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. साबणाच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

उजवीकडचा एक पिव्हट बोल्ट सोडता बाकीचे या उपायाने सुटले. तो एक तुटला, पण तो तुटू शकेल हे गृहीत धरलेले होते. बरोबर मध्यावर खूण ठोकून, आधी बारीक आणि मग क्रमाने जाड ड्रिल घालत, आट्यांच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधी थांबायचे आणि उरलेले कवच टोकदार छिन्नीने आत दुमडून काढायचे. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर अशा ठिकाणी मी वापरत नाही. तो कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर त्याला ड्रिलही लागत नाही.

मुख्य कॅलिपर त्या मानाने शहाणे निघाले. त्यांचे बोल्ट एकमेकांना लॉक वायरने बांधलेले असतात. वायर कापली, बोल्ट तापवले, सुटले. डाव्या बाजूच्यांना तर गिअर ऑइलनेच साठ वर्षे जपले होते.

डिस्कची गोष्ट वेगळी. ती डिफरन्शियलमधून बाहेर येणारी फ्लँज (जोडणीची सपाट कड) आणि ड्राइव्हशाफ्टची फ्लँज यांच्यामध्ये, चार बोल्टांवर ओवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना शिम, म्हणजे पातळ चकत्या, असू शकतात आणि त्यांची कामे निराळी आहेत. आतल्या बाजूच्या शिम डिस्कला कॅलिपरच्या मध्यावर आणतात. बाहेरच्या बाजूच्या शिम चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, ठरवतात, कारण या गाडीत ड्राइव्हशाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा आहे. ०.०२० इंचाची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची एक शिम, सुमारे पाव अंशाने कॅम्बर बदलते. गंजलेल्या शिम एकमेकींना चिकटून एकच जाड चकती भासते. म्हणून प्रत्येक जुडगा जसा निघाला तसा तारेत ओवून, बाजू आणि जागा लिहून ठेवावा. उजवीकडची डिस्क फ्लँजला धरून बसली होती. मागून हातोडीचे घाव घातले असते तर ती निघालीही असती, पण प्रत्येक घाव आतल्या बेअरिंगवर बसला असता. डिस्क दहा इंचांची, नवी सहज मिळते. तिला कडेपासून फ्लँजच्या जवळपर्यंत ग्राइंडरने चीर दिली, चिरेत पाचर ठोकली आणि ती एका दणक्यात सैल झाली.

राहिले कॅलिपरमधले पिस्टन. डनलॉपच्या कॅलिपरची एक सोय अशी की दोन्ही बाजूंचे सिलिंडर स्वतंत्र ठोकळे आहेत आणि चार-चार बोल्टांनी ओतीव अंगाला जोडलेले आहेत. ते सोडवून प्रत्येकावर सुटे काम करता येते. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, ती ओल तळाशी साचते आणि सिलिंडरची भिंत आतून खायला लागते, त्यामुळे बाहेरून बरा दिसणारा ठोकळासुद्धा आतून खड्डे पडलेला निघतो. जाम पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने काढू नयेत, ते सुटतात तेव्हा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने सुटतात. आम्ही होजच्या जागी ग्रीसचा निपल बसवला, हवा काढायचे भोक बंद केले आणि ग्रीसगनने दाब दिला. ग्रीस दाबले जात नाही, म्हणून पिस्टन मिलिमीटर-मिलिमीटरने, शांतपणे बाहेर आले. पिस्टनला मागे खेचणारी एक खुंटी आत असते, तिच्यावरून तो निसटल्याचा हलका झटका तेवढा जाणवला. नंतर ग्रीस पुसून काढण्यात मात्र बराच वेळ गेला.

चारपैकी दोन सिलिंडरांच्या भिंतींत नखाला लागतील असे खड्डे होते. ते घासून काढण्याचा सल्ला देणारे भेटतील. घासल्याने माप वाढते आणि सील धरत नाही, म्हणून चारही ठोकळे आत स्टेनलेस पोलादाची नळी बसवून घेण्यासाठी दिले आहेत. पोलादी ब्रेक पाइप सगळे फेकून तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे करायचे ठरले आहे. हँडब्रेकच्या दोन दातेरी यंत्रणांपैकी डावीकडची स्वच्छ करून पुन्हा चालू लागली. उजवीकडची नवी घ्यावी लागेल. डॉक्टर म्हणतात, नवी घ्यायची तर दोन्ही बाजूंना घेऊ. मला जुनी चांगली वस्तू टाकवत नाही. या मुद्द्यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.